शंकरपटावर लावलेली शाळा

मास्तरकीच्या अख्ख्या आयुष्यात मी एकदाच मोठी होड लावली, आणि तीसुद्धा स्वतःच्या शाळेवर. पेन्शनीत निघालो तरी ही गोष्ट मी कुणाला धड सांगितली नव्हती. आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यासमोर तोंड लपवायचं ते बहुतेक गेले, आणि जे उरलेत त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त तिखटमीठ लावून सांगता येते.

आज ज्याला गोंदिया जिल्हा म्हणतात तो तेव्हा भंडाऱ्यात होता. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, नुकतीच सुटली होती. मी गोंदिया शहरातला, धानाच्या गिरणीच्या भोंग्यावर उठणारा, अर्धं हिंदी बोलणारा पोरगा, नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक म्हणून जाऊन पडलो. वय बावीस. एक ट्रंक, एक वळकटी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. रागाला कारण लागत नसे, तो माझ्याकडे जन्मापासून आहे. गावाने पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'तिखट गुरुजी' पाडलं.

शाळा भरायची मारुतीच्या देवळाच्या पडवीत. शनिवारी नारळ फुटायला लागले की माझे पाढे बंद. तरी मी घरोघर फिरून, आयांशी भांडून, बापांना लाज देऊन अकरा मुली शाळेत आणल्या होत्या. त्या काळात त्या भागात हे काही खायचं काम नव्हतं. मला त्या अकराजणींचा भारी गर्व होता. रोज हजेरी घेताना त्यांची नावं मी मुद्दाम मोठ्याने घ्यायचो, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू गेली पाहिजेत म्हणून.

त्या हिवाळ्यात साहेब तपासणीला आले. पडवी पाहिली, गळकं छप्पर पाहिलं, मुली पाहिल्या. म्हणाले, "इमारत मंजूर होऊ शकते. होळीपर्यंत गावाने जागा लिहून द्यावी. नाहीतर शाळा नाल्यापलीकडच्या गावाला जाईल, ते द्यायला तयार आहेत." साहेब सायकलवर बसून गेले. तो नाला पावसाळ्यात चार-चार दिवस उतरू देत नसे. मुलगे पोहून गेले असते एखादवेळी. पण कोणती आई मुलीला त्या पाण्यात घालील? माझ्या अकराच्या अकरा घरी बसल्या असत्या, आणि पुढच्या वर्षी त्यांची लग्नं लागली असती.

जागा गावात एकच होती. बाकी सगळ्या बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेली धानाची शेतं, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. तिथे शाळा बांधली असती तर पोरांबरोबर बेडूकही शिकले असते. उंचावरची, मुरमाड, कोरडी अशी एकच लांब पट्टी होती. आणि त्या पट्टीवर दरवर्षी शंकरपट भरायचा.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धान कापून, मळून घरात आलं की पूस-माघात पट भरतो. जमिनीवर दोन सरळ पट्ट्या आखायच्या. प्रत्येक पट्टीवर बैलांची एक जोडी, मागे खेळण्यासारखा हलका छकडा, त्यावर एक हाकणारा, त्याला धुरकरी म्हणतात. झेंडी पडली की दोन्ही जोड्या सुटतात, आणि तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत संपलेलं असतं. तेवढ्यासाठी माणसं वीस-वीस मैलांवरून बंड्या जुंपून येत. लेकी माहेरी येत. सोयरिकी तिथेच जुळत. शिंगाडे, भजी, गुलगुले, बांगड्यांची दुकानं, धूळ, ढोल, आणि सगळ्या हवेत एक भरून राहिलेलं 'आता सुटते, आता सुटते'. अहाहा! लिहिता लिहिता अजून अंगावर काटा येतो.

आणि होडी, म्हणजे पैजा. पैशाच्या लागायच्याच, खोटं कशाला बोलू. पण खरी मजा दुसऱ्या होडींची. कुणी कोंबडा लावी, कुणी साऱ्या आळीला जेवण. एकाने मिशी लावली होती. हरला, आणि महिनाभर तोंडाला दुपट्टा बांधून हिंडला; बायको म्हणे, बरं झालं, थोबाड तरी दिसलं एकदाचं. मी स्वतः गोंदियात कोंबड्यांच्या झुंजी पाहत वाढलेला. मास्तराने असल्या ठिकाणी जाऊ नये असं ट्रेनिंगला शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी पटाचे तिन्ही दिवस मी शाळेला सुट्टी दिली आणि सगळ्यात पुढे जाऊन उभा राहिलो.

त्या पट्टीचे मालक गावचे जुने मालगुजार. सगळे त्यांना पाटील म्हणत. सत्तरीचे, उंचेपुरे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मालगुजारीबरोबर त्यांचा गाव गेला, तलाव गेला, जंगल गेलं. उरली घरची शेती आणि ही पट्टी. "गाव सरकारनं नेला, पट माहा हाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. वर्षाचे बाकी दिवस लोक त्यांना रामराम घालून पुढे जात. पटाचे तीन दिवस लोक त्यांच्यासमोर थांबत. हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. तेव्हा मला फक्त जागा दिसत होती.

दोनदा मागितली, दोनदा त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी गेलो तो भडकूनच.

"पाटील, बैल तीन दिवस धावतात. पोरं वर्षभर शिकतील. तुम्हाला बैल मोठे वाटतात का?"

ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती. पाटलांनी सुपारी कातरायची थांबवली. "गुरुजी, तुमी पटात सगळ्याहीच्या पुढं उभे राहता ते मले काय मालूम नाई? डोळे गेले, कान हायेत. सगळ्यात मोठ्यानं तुमीच वरडता."

लोक फिदीफिदी हसले. माझे कान तापले. मी म्हणालो, "ओरडतो. पुन्हा ओरडीन. पण यंदा तुमची जोडी हरेल तेव्हा ओरडीन."

"हरन?" पाटील सरळ झाले. "माही जोडी? लावा होड. माही जोडी हरली तं पट्टी शाळेची, दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याकडं येतो. जितली तं पुन्हा जागेचं नाव काढाचं नाई. बोला."

शहाण्या माणसाने हात जोडले असते. अकरा मुलींची शाळा काय कोंबड्यासारखी लावतात? पण एकतर राग, त्यात होडीचा नाद. मी म्हणालो, "लागली." घरी येईपर्यंत राग उतरला होता. रात्री स्वतःलाच इतक्या शिव्या दिल्या की त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

दोन दिवसांत गावभर झालं. गाव उभा दुभंगला. पुरुष पाटलांच्या बाजूने, कारण गावची जोडी हरावी असं कोण म्हणेल? पण त्या अकराजणींच्या आया! त्यांनी मारुतीला नवस बोलले की पाटलांचे बैल मागे राहू देत. एकीने तर मला विहिरीवर थांबवून विचारलं, "सडकेवरची जोडी तेज हाय म्हनते, खरं हाय का जी?" सडक अर्जुनीहून एक जोडी यायची होती, तिचा बोलबाला होता. मी म्हणालो, खरं आहे. मलाही तेवढाच आधार होता.

पाटलांची जोडी मात्र पाहावी अशी. दोन्ही शुभ्र, एका उंचीचे, एका बांध्याचे. पाटलांना वेड असं की जोडी म्हणजे एकाच बैलाची दोन अंगं दिसली पाहिजेत. शिंगं तासून सारखी करायची, रंग सारखा, झूल सारखी, कपाळावर भरतकामाची पट्टी सारखी. पाहुणे त्यांना विचारत, "पाटील, यातला कोणता कोणता?" आणि पाटील खूष होऊन म्हणत, "वळखा!" कुणालाच ओळखता येत नसे. त्यांचा एक जुना गडी होता, तोच त्यांना न्हाऊ घालायचा, तोच जुंपायचा, तोच हाकायचा. त्याला मात्र अंधारातही कळायचं.

आणि मला. मी रोज सकाळी शाळेत जाताना त्या गोठ्यासमोर पाच मिनिटं थांबायचो. मागितलेली जागा द्यायला पाटील तयार नव्हते, पण बैल पाहायला त्यांनी कधी मना केलं नाही. डाव्या अंगाला चालणाऱ्याच्या कानाला खालच्या बाजूला बारीकशी चीर होती. आणि कुठे ढोल वाजला की तो पुढच्या पायाने जमीन उकरायचा. उजवा नुसता उभा राहायचा, एखाद्या हेडमास्तरासारखा.

पहिले दोन दिवस जोडी सरस धावली. सडकेवरचीही धावली. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची फेरी, या दोघींचीच. आणि त्या सकाळी पाटलांचा जुना गडी हिवतापाने फणफणला. पाटलांचा पुतण्या धुरकरी म्हणून उभा राहिला. हाकायला तो चांगला होता, पण बैलांना अंघोळ घातली दुसऱ्यांनी, सजवलं तिसऱ्यांनी, आणि जुंपलं घाईघाईत.

मी सुटायच्या ठिकाणी होतो. पाटील दुसऱ्या टोकाला, जिंकायच्या रेघेपाशी, खाटेवर. ढोल सुरू झाला. आणि मी पाहिलं की उजव्या अंगाचा बैल जमीन उकरतो आहे.

आधी वाटलं, चुकून. मग दोन पावलं पुढे जाऊन कान पाहिला. चीर होती. जोडी उलटी जुंपली होती!

आता हे ज्याने बैल हाकलेत त्यालाच पुरतं समजेल. बैल लहानपणापासून एका अंगाला चालतो. त्याचा खांदा तसा घडतो, मान तशी वळते. त्याला दुसऱ्या अंगाला जुंपला तर औताला एकवेळ चालेल, पण पटात पूर्ण वेगात तो बाहेर ओढतो. जोडी तिरपी होते आणि पट्टी सोडते. पट्टी सोडली की बाद. कुणाला इजा नाही, काही नाही. बाहेरच्या बाजूला मोकळं रान होतं. पुतण्याने पन्नास पावलांवर छकडा थांबवला असता, लोक हसले असते, आणि दुसऱ्या दिवशी पाटील माझ्याबरोबर पटवाऱ्याकडे आले असते.

मी गप्प बसायचं होतं, एवढंच. बंड्यांवर बायका बसल्या होत्या, त्यांत माझ्या अकराजणी आयांच्या मांडीला चिकटून. त्यांच्यासाठी गप्प बसणं हे पुण्याचंच काम होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरंच सांगितलं. झेंडीवाल्याने हात वर नेला. त्या बैलाने पुन्हा जमीन उकरली, मान वाकडी करून बाहेर पाहिलं. त्याला कळलं होतं काहीतरी चुकलंय.

आणि मी बोंबललो. "थांबा! अरे रुको! जोडी उलटी हाय!"

कुणाला समजेना. पुतण्या म्हणाला, "गुरुजी, डोकं फिरलं का जी?" मी धावत जाऊन बैलाचा कान उलटा करून दाखवला. पुतण्या पांढरा पडला. सोडले, बदलले, पुन्हा जुंपले. सडकेवरच्या धुरकऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचा मेहुणा असून दगा दिला.

झेंडी पडली. काय धावली ती जोडी! आठही खुर जमिनीला लागत नव्हते. एका मानेने पुढे निघाली आणि शेवटपर्यंत तेवढीच पुढे राहिली. आणि मी, महामूर्ख, माझी शाळा हरून राहिली होती आणि सगळ्यात मोठ्याने ओरडत होतो मी!

धूळ बसली तसा मी गप्प झालो. पुरुषांनी फेटे उडवले. बंड्यांवर मात्र एकही बाई हसली नाही. विहिरीवर भेटलेली ती बाई खाली उतरून माझ्यासमोर आली. तिची मुलगी चौथीत होती, वर्गात पहिली. "तुमाले कोनं सांगतलं होतं जी बोलाले? कायले बोलले?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात मला पुष्कळजण पुष्कळ बोलले, पण तेवढं लागलं नाही कधी. वाटलं, धरणी फाटावी आणि आत घ्यावं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. मुली आल्या होत्या, सगळ्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की मी काय केलं, किंवा सांगूनही त्या आल्या होत्या. मी साहेबांना पत्र लिहायला घेतलं, की जागा मिळत नाही. 'मिळत' या शब्दापुढे पेन जाईना.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून पाटील पडवीत आले. मुली उभ्या राहिल्या. पाटील माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले, "पुतण्यानं सगळं सांगतलं. काऊन बोलले तुमी?"

"बघवलं नाही," मी म्हणालो. "जोडी तशी धावताना बघवली नसती. बस."

"जागा जाऊन राहिली होती ना तुमची."

"जात होती. गेली. आता तुम्ही कशाला मीठ चोळायला आलात?" राग काही जात नाही माणसाचा.

पाटील हसले नाहीत. खांबाला टेकून सावकाश बसले. "चला पटवाऱ्याकडं. पट्टी लिवून देतो."

मला वाटलं थट्टा करतात. "तुम्ही जिंकलात पाटील."

"म्हूनच. हरून दिली असती तं गेली असती. गाव गेला, तलाव गेला, तशी. जितून देऊन राहिलो, तं मीच देऊन राहिलो. एवढं तं माहं राहू द्या."

त्या म्हाताऱ्याच्या हातून सगळं काढून घेतलं गेलं होतं, आणि आता त्याला एकदा स्वतःच्या हाताने द्यायचं होतं. मी त्यांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, "हे नाटक राहू द्या, दोरी घ्या, खुंट्या घ्या." कागद होळीच्या आत झाले. पण जागा त्यांना त्याच दिवशी मोजून द्यायची होती.

आम्ही सगळे पट्टीवर गेलो. मुलीही. छकड्यांच्या चाकोऱ्या अजून ताज्या होत्या. माझं मन खाऊ लागलं. शाळा पाहिजे होतीच, पण हे? हे सगळं पुन्हा नाही? मला एक युक्ती सुचली. "पाटील, शाळेला एक कोपरा पुष्कळ झाला. पट्टी लांब आहे. शाळा कोपऱ्यात बांधू, पटही भरत राहील." हे मी अर्धं त्यांच्यासाठी बोललो आणि अर्धं माझ्यासाठी.

पाटील एकदम थांबले. "कोपऱ्यात नाई. मधात."

"पण मग जोड्या..."

"गुरुजी, कोपऱ्यात बांधान तं पुढच्या साली मी पुन्हा जोडी आनीन. ढोल वाजन. तुमचे पोट्टे खिडकीत, आन तुमी त्याहीच्या पुढं. मंग शाळा कोन शिकवन? मले मी मालूम हाय, आन तुमाले बी मी वळखून हाय. मधात बांधा. जोडी सोडाले जागाच उरली नाई पायजे."

पुतण्याचा हात सोडून ते एकटे चालू लागले. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण त्या पट्टीचं पाऊलन् पाऊल त्यांना ठाऊक होतं. मधोमध आल्यावर थांबले, काठी जमिनीत रोवली आणि म्हणाले, "इथं." दोरीचं एक टोक त्यांनी स्वतःच्या मुठीत धरलं. दुसरं धरायला मुली धावल्या.

मी पहिली खुंटी ठेवली आणि हातोडा उचलला. घाव धड बसेना. मुलींच्या देखत, पुतण्याच्या देखत मला रडू फुटलं, ढसाढसा, थांबता थांबेना. शाळा मिळाली म्हणून की पट गेला म्हणून, मला आजही वेगळं काढता येत नाही.

"रडून कायले राहिले जी?" पाटील म्हणाले. मुठीतली दोरी त्यांनी आणखी ताणून धरली. "जोरानं ठोका. मुरूम हाय तो."